धोटा मागाच्या मापाने घडवा: चादर आणि टॉवेलच्या मागांसाठी

सोलापूरच्या पूर्व भागात कुणी त्याला शटल म्हणतं, कुणी तेलुगूत नाडे, कुणी धोटा. बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो हा. नाव कोणतंही असो, विकत घेताना त्याच्या तीनच गोष्टी पाहिल्या जातात: लांबी किती, मागाच्या टोकाला तो जिथे थांबतो त्या पेटीत बसतो का आणि भाव काय. ताणा, म्हणजे उभं सूत, तुटायला लागला की जॉबर (माग लावून देणारा मिस्त्री) शेडची, म्हणजे धोटा जाण्यासाठी ताण्यात उघडणाऱ्या वाटेची वेळ बदलतो, पिकिंग (धोटा फेकण्याचा जोर) ताणतो, पेटीत धोट्याला दाबून थांबवणारा स्वेल आवळतो. धोटा मात्र तसाच राहतो. वास्तविक यातले बरेच दोष धोट्याच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये असतात आणि ते पटाशी, कानस व पॉलिश पेपरने निघतात. पेटी, बाणा ठोकणारी फणी, धोटा ज्यावरून धावतो तो रेस बोर्ड आणि त्याला ढकलणारा पिकर या चौघांना धोटा एकाच वेळी भिडतो. म्हणून तो दुकानातल्या मापाचा चालत नाही, त्या मागाच्या मापाचाच लागतो.

खालची माहिती साध्या यंत्रमागासाठी आहे, एक पेटीचा असो वा चार पेट्यांचा. आकड्यांची उदाहरणं ७२ इंच फणीच्या, मिनिटाला १२० बाणे टाकणाऱ्या चादरीच्या मागाची घेतली आहेत. तुमचा माग वेगळा असेल तर आकडे बदला, हिशोबाची रीत तीच राहील.

आधी माग मोजा

मेन स्विच बंद करा. व्हर्नियर, एक मीटरची सरळ पोलादी पट्टी, फिरता गुण्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आणि थोडा जाड पत्रा एवढं सामान पुरतं. मापं मिलिमीटरमध्येच लिहा. कारखान्यात ‘सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग हे माप सर्रास चालतं, पण एक सूत तीन मिलिमीटरहून जास्त असतं आणि इथला निकाल अर्ध्या मिलिमीटरवर लागतो.

पहिलं माप फणी आणि रेस बोर्ड यांच्यातल्या कोनाचं. तो काटकोन नसतो, बहुतेक मागांवर दोन-चार अंशांनी कमी असतो, आणि या कमी कोनामुळेच धोटा धावताना फणीच्या कुशीत राहतो. गुण्या डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशा तीन ठिकाणी लावा. तिन्हीकडे कोन सारखा नसेल तर धोट्याला हात लावू नका. आधी रेस बोर्ड सरळ करा, फणी नीट बसवा. मध्ये झिजून खोलगट झालेल्या रेस बोर्डवर कितीही चांगला धोटा डुलतच जातो. कोन पक्का झाला की त्याच कोनाचा पत्र्याचा साचा कापून घ्या आणि त्यावर मागाचा नंबर टाका.

टॉवेलच्या काही मागांवर दोन बाण्यांच्या ठोक्याला फणी मागे झुकते आणि तिसऱ्याला ताठ उभी राहून तिन्ही बाणे एकदम पुढे लोटते. अशा मागावर धोटा फणीसमोरून जात असताना फणीला मागून घट्ट आधार हवा, आणि कोन त्याच स्थितीत मोजायला हवा. स्ले, म्हणजे फणी आणि रेस बोर्ड धरून मागेपुढे हलणारा भाग, पुढे आणून झुकलेल्या फणीचा कोन घेतला तर साचा चुकतो आणि त्यावर घडवलेला धोटाही चुकतो.

दुसरं माप रेषेचं. पोलादी पट्टी फणीला टेकवून पेटीच्या मागच्या पाटापर्यंत न्या. फणी आणि पाट एका रेषेत हवेत. पाट एक मिलिमीटर जरी पुढे आला असेल तर पेटीतून निघणारा धोटा तिरका सुटतो. मागे गेला असेल तर धोट्याचं नाक फणीच्या पहिल्या दातांवर आदळतं.

त्यानंतर पेटीची रुंदी तोंडाशी आणि आत, पिकरवर धोट्याचं पोलादी टोक आपटतं त्या खड्ड्याची तळापासूनची उंची, आणि स्ले मागे असताना फणीपासून कापडाच्या कडेपर्यंतचं (शेवटचा बाणा बसला आहे तिथपर्यंतचं) अंतर, ही मापं लिहून घ्या. शेवटचं अंतर कुणी मोजत नाही, आणि धोट्याची उंची ठरवताना नेमकं तेच लागतं.

जुना धोटा वाचा

झिजलेला धोटा फेकून देण्याआधी खिडकीजवळ उजेडात धरा. चूक कुठे आहे ते त्यावर लिहिलेलं असतं.

मागची भिंत फक्त नाकाजवळ घासली असेल तर पेटीचा पाट आणि फणी एका रेषेत नाहीत. मागची भिंत खालच्या कडेलाच चकाकत असेल आणि वरची कोरी असेल, किंवा याच्या उलट असेल, तर धोट्याचा कोन मागाच्या कोनाशी जुळत नाही. तळ एकाच टोकाला झिजला असेल तर त्या बाजूच्या पेटीचा तळ रेस बोर्डपेक्षा वरखाली आहे. समोरच्या भिंतीच्या वरच्या कडेवर बारीक, समांतर ओरखडे दिसले तर ती ताण्याची खूण आहे: शेड कमी उघडते आहे, उशिरा उघडते आहे किंवा धोटा समोरून जास्त उंच आहे. बाजूची भिंत आरशासारखी चकाकत असेल तर स्वेल गरजेपेक्षा आवळलेला आहे, आणि त्याची भरपाई म्हणून कुणीतरी पिकिंगही ताणलेलं असणार. कांडी धरणाऱ्या क्लिपजवळ लाकडाला बारीक चिरा गेल्या असतील तर धोटा पेटीत फार झटक्याने थांबतो.

खुणा वाचून झाल्यावर मागाचे दोष मागावरच काढा. खाली सांगितलेली कामं धोट्याची आहेत, मागाच्या चुका धोट्यावर झाकायची नाहीत.

मागची भिंत आणि तळ

हे काम सगळ्यात आधी, कारण बाकीची सगळी मापं या दोन पृष्ठभागांवरून घ्यायची आहेत. जाड काचेचा सपाट तुकडा घ्या, त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि धोट्याचा तळ त्यावर लांबीच्या दिशेने घासा. तळावर आधी पेन्सिलीने आडव्या रेघा मारून ठेवा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की तळ सपाट झाला. मग मागची भिंत घ्या. दर दहा-बारा घासण्यांनंतर पत्र्याचा साचा लावून उजेडाकडे धरा. साचा आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. शेवटचा हात २२० नंबरने फिरवा.

तळ आणि मागची भिंत जिथे मिळतात ती कड टोकदार ठेवू नका, पण फार गोलही करू नका. एक मिलिमीटरची गोलाई पुरे. तिथे जास्त लाकूड गेलं तर धोटा फणीच्या कोपऱ्यात नीट बसत नाही, वर चढू पाहतो.

समोरची भिंत किती उंच असावी

इथे थोडं गणित करावं लागतं आणि त्याचा फायदा थेट ताण्याला मिळतो. समजा फणीपासून कापडाच्या कडेपर्यंत १२५ मिलिमीटर आहेत आणि धोटा ४५ मिलिमीटर रुंद आहे. धोटा फणीला टेकून चालतो, म्हणजे त्याची समोरची भिंत कापडाच्या कडेपासून ८० मिलिमीटरवर येते. शेड त्रिकोणी असते, फणीजवळ सगळ्यात उंच आणि कडेला शून्य. त्यामुळे समोरच्या भिंतीपाशी फणीजवळच्या उंचीचा ८० भागिले १२५, म्हणजे ६४ टक्केच भाग उरतो.

समोरची भिंत ३० मिलिमीटर उंच असेल तर धोट्याला न घासता जाण्यासाठी फणीजवळ शेड निदान ४७ मिलिमीटर उघडावी लागते. तीच भिंत २७ वर आणली तर ४२ पुरतात. शेड उघडताना ताण्यावर पडणारा ओढा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ४७ वरून ४२ वर आलात की शेडमुळे येणारा ओढा जवळपास एक पंचमांशाने उतरतो. समोरच्या भिंतीचे तीन मिलिमीटर एवढं काम करतात.

मग २७ च्याही खाली का जाऊ नये? कारण तेव्हा धोट्याचा मध्य अडतो. मध्याशी शेडची उंची फणीजवळच्या ८२ टक्के असते. ४२ चे ८२ टक्के म्हणजे ३४ मिलिमीटरच्या किंचित वर. कांडीच्या जागी धोटा ३४ मिलिमीटर उंच असेल तर तो इथे जेमतेम बसतो. समोरची भिंत आणखी खाली नेली तरी मध्यासाठी शेड ४२ ठेवावीच लागते, आणि भिंत मात्र विनाकारण कमजोर होते. हे सगळे आकडे धोटा मोकळा जाण्यापुरते, काठोकाठचे आहेत. प्रत्यक्षात वर एक-दोन मिलिमीटर मोकळीक ठेवा.

करायचं असं: मागची भिंत आणि मध्यभाग ३४ वर ठेवा. मध्यापासून पुढे रंध्याने उतार द्या आणि समोर २७ वर आणा. समोरच्या वरच्या कडेला तीन-चार मिलिमीटरची गोलाई द्या आणि ती दोन्ही नाकांपर्यंत न तुटता न्या. ताण्याचा एखादा सैल धागा आडवा आलाच, तर गोल कड त्याला वर सारते, टोकदार कड कापते. टॉवेलच्या मागावर हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण लूपच्या ताण्याला ओढा कमी असतो आणि त्याचे धागे शेडमध्ये लोंबकळतात.

वजन

धोट्याला शेडमधून जायला मागाच्या एका फेऱ्यातला साधारण १३५ अंशांचा भाग मिळतो. मिनिटाला १२० फेरे म्हणजे एक फेरा अर्ध्या सेकंदाचा, आणि त्यातला हा भाग ०.१९ सेकंदांचा. एवढ्या वेळात १.८३ मीटरची फणी अधिक स्वतःची ४० सेंटीमीटर लांबी ओलांडायची तर वेग सेकंदाला १२ मीटरच्या आसपास लागतो. भरलेल्या कांडीसह ४५० ग्रॅमचा धोटा या वेगाला न्यायला प्रत्येक बाण्याला सुमारे ३२ ज्यूल ऊर्जा लागते. सेकंदाला दोन बाणे धरले तर ६५ वॅट फक्त धोटा फेकण्यात जातात. पलीकडच्या पेटीत ही जवळजवळ सगळी ऊर्जा स्वेल, पिकर आणि चामड्याचा पट्टा यांना गिळावी लागते. पिकर फाटतो, पिकिंग स्टिक मोडते ती याच्याखाली. धोटा ५० ग्रॅमने हलका केला तर ही मार नऊव्या हिश्श्याने कमी होते.

हलकं करण्यालाही हद्द आहे. चादरीचा ताणा दाट आणि जड असतो. फार हलका धोटा त्यात वाट सोडतो आणि पलीकडे पोचताना रेंगाळतो. जुन्या, नीट चालणाऱ्या धोट्यापेक्षा दहा-बारा टक्के कमी, यापलीकडे एका वेळी जाऊ नका. हलका धोटा लावल्यावर पिकिंगचा जोर कमी केलाच पाहिजे. तो तसाच राहिला तर धोटा पेटीतून उलटा उसळतो आणि पुढचा बाणा चुकतो. हलका झाला म्हणून लगेच मागाचा वेग वाढवण्याचा मोहही आवरा: १२० चे १३० केले की प्रत्येक बाण्याची ऊर्जा १७ टक्क्यांनी वाढते आणि मिळवलेलं सगळं निघून जातं.

लाकूड कुठून काढायचं हे किती काढायचं याच्याइतकंच महत्त्वाचं. पिकर धोट्याला मागच्या टोकावर ढकलतो. ती ढकलण्याची रेषा धोट्याच्या वजनाच्या मध्यबिंदूच्या खालून गेली तर पुढचं नाक वर उचललं जातं, आणि धोटा मागाबाहेर उडण्याचं हे एक मोठं कारण आहे. रेषा मध्यबिंदूच्या किंचित वरून गेली तर नाक रेस बोर्डवर दाबलं जातं. आडव्या दिशेनेही तसंच आहे: वजनाचा मध्यबिंदू टोकाच्या रेषेपेक्षा फणीकडे थोडा सरकलेला असेल तर नाक फणीकडे वळतं, विणकराकडे नाही. म्हणून लाकूड वरून आणि समोरून काढायचं, तळातून आणि मागून नाही. समोरच्या भिंतीचा उतार हेही काम आपोआप करतो.

तपासायला यंत्र लागत नाही. अर्धी भरलेली कांडी बसवा. धोट्याच्या एका टोकाला बारीक दोरा बांधून तो लटकवा, त्याच टोकापासून एक ओळंबा सोडा. धोटा स्थिर झाला की ओळंब्याचा दोरा वजनाच्या मध्यबिंदूवरूनच जातो. बाजूने पाहा आणि धोट्याच्या मध्यावर दोऱ्याची जागा पेन्सिलीने टिपा. मग समोरून पाहून तसंच करा. ही खूण दोन्ही टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या थोडी खाली आणि थोडी मागच्या भिंतीकडे यायला हवी. लांबीच्या दिशेचा तोल पोलादी पट्टीच्या धारेवर ठेवून पाहा. अर्धी कांडी एवढ्यासाठी की कांडी टोकाकडून बुडाकडे रिकामी होत जाते आणि वजन सगळा वेळ बुडाकडे सरकत असतं. भरलेल्या कांडीवर तोल साधला तर शेवटी तो पार बिघडलेला असतो.

टोकांच्या मुळाशी असलेलं भरीव लाकूड आणि क्लिपभोवतालची जागा यांना हात लावायचा नाही. वजन वाढवायची वेळ आलीच तर शिशाचा तुकडा वर कधीच नाही, तळाजवळ मागच्या बाजूला बसवा.

कोणतं लाकूड, केवढी कांडी

पाण्याची घनता १ धरली तर साध्या कठीण लाकडाची ०.७ ते ०.८ असते. रेझिन भरून दाबलेल्या थरांच्या लाकडाची १.३ च्या आसपास. त्यामुळे जुन्या धोट्याच्याच मापाचा दाबलेल्या लाकडाचा धोटा करून घेतला तर तो दीडपटीहून जड भरतो. मग माग जड चालतो आणि दोष लाकडाला जातो. हे लाकूड जास्त मजबूत आहे, त्याचा उपयोग भिंती पातळ करण्यासाठी करायचा असतो.

४५ मिलिमीटर रुंद धोट्यात दोन्ही भिंती सात-सात मिलिमीटरच्या असतील तर आत ३१ उरतात आणि दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटर सोडून २८ मिलिमीटर जाडीची भरलेली कांडी मावते. भिंती सहाच्या केल्या तर कांडी ३० ची होते. फरक दोनच मिलिमीटर दिसतो. पण रिकामी कांडी १४ मिलिमीटर जाड असेल तर सूत मावण्याची जागा २० टक्क्यांनी वाढते. ३० ग्रॅमच्या जागी ३६ ग्रॅम सूत बसतं.

१० नंबरचं सूत एका ग्रॅममध्ये सुमारे १७ मीटर भरतं. ३० ग्रॅमच्या कांडीत ७२ इंचावर २७५ च्या आसपास बाणे निघतात, ३६ ग्रॅमच्या कांडीत ३३०. एकाच धोट्याने सलग चाललेल्या मागावर तासाला २६ कांड्या बदलाव्या लागतात, त्या २२ वर येतात. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराचे तासाला आठ थांबे वाचतात, आणि प्रत्येक थांब्यानंतर माग पुन्हा सुरू होताना चादरीवर पडू शकणारा पट्टाही.

भिंत सहापेक्षा पातळ करू नका. कांडी आणि भिंत यांच्यातलं दीड मिलिमीटरही खाऊ नका, नाहीतर धोटा थांबताना बाहेरचे फेरे भिंतीला घासून कांडीवरून घसरतात आणि गुच्छ होऊन कापडात जातात. जाड सुतात हा दोष आधी दिसतो. तो दिसला की तीन गोष्टी तपासा: कांडी सैल भरली आहे का, धोटा पेटीत झटक्याने थांबतो का, आणि कांडी क्लिपमध्ये हलते का. बसवलेली कांडी तळाला समांतर हवी. तिचं टोक वर उचललेलं राहिलं तर वरच्या ताण्याला लागतं. क्लिपची पकड गेली असेल तर क्लिप बदला. कागदाची घडी घालून काम भागवू नका, ती घडी संध्याकाळपर्यंत दबून सपाट होते.

डोळा, खाच आणि बाण्याचा ताण

सूत धोट्यातून बाहेर येतं त्या चिनी मातीच्या डोळ्यात नख फिरवून पाहा. नख अडकलं तर सूतही अडकतं. तडा गेलेला डोळा सुताचे तंतू उकरतो आणि धोट्यात कापसाची पांढरी भुकटी साठते. डोळा भिंतीच्या पृष्ठभागापेक्षा अर्धा मिलिमीटर आतच बसवा, बाहेर आला तर पेटीला घासून फुटतो.

डोळ्यापासून समोरच्या भिंतीवर लांबीभर एक उथळ खाच हवी, दोन मिलिमीटर खोल, तीन-चार रुंद, तळाशी गोल. पेटीत धोटा आवळला जातो तेव्हा बाणा या खाचेत पडून राहतो. खाच नसेल किंवा झिजून गेली असेल तर सूत भिंत आणि पेटी यांच्यात चिरडतं, आणि बाणा नेहमी एकाच काठाजवळ तुटतो. एकाच काठाला तुटणारा बाणा दिसला की पहिल्यांदा खाच पाहा.

ओवण्याबद्दल आग्रहाने सांगायचं आहे. डोळ्यातून सूत तोंडाने ओढून घेण्याची सवय सोडा आणि सोडवा. प्रत्येक वेळी कापसाची धूळ, तेल आणि रंग छातीत जातात, आणि एकच धोटा दोन पाळ्यांतल्या दोन माणसांच्या तोंडाला लागतो. साधा उपाय म्हणजे तारेचा बारीक आकडा विणकराच्या हाताशी बांधून ठेवणं. चांगला उपाय म्हणजे वरून फट असलेला डोळा: सूत वरून फटीत ओढलं की खाली उतरून बसतं. ही कल्पना जुनी आहे, १८९४ साली बाजारात आलेल्या नॉर्थ्रॉपच्या स्वयंचलित मागाचा धोटा स्वतःच सूत ओवून घेत असे. फट सरळ ठेवली तर सैल पडलेलं सूत उलटं वर निघतं, म्हणून तिला एक वळण लागतं. असा तयार डोळा मिळतो, जुन्या धोट्यात तो बसवताना आधीच्या डोळ्याची जागा पटाशीने मोठी करून इपॉक्सीने घट्ट करा.

कांडी भरलेली असताना बाण्याला कमी ताण असतो. रिकामी होत आली की उघड्या कांडीवर घासत सूत येतं आणि ताण वाढतो. त्यामुळे चादरीचा काठ प्रत्येक कांडीच्या शेवटी आत ओढला जातो. धोट्याच्या आत, कांडीच्या टोकाकडच्या अर्ध्या भागात दोन्ही भिंतींना लवदार कापड किंवा नायलॉनच्या लुपांची पट्टी चिकटवा. लव कांडीला हलकी टेकली पाहिजे, दाबता कामा नये. मग डोळ्याजवळचा ताण थोडा सैल करा. भरलेली आणि संपत आलेली कांडी आळीपाळीने लावून हाताने सूत ओढून पाहा, फरक लगेच कळतो.

टोक

पोलादी टोक गुळगुळीत, किंचित गोलसर आणि नेमकं पिकरच्या खड्ड्याच्या मध्यावर येणारं हवं. पिकर नवा बसवला की टोकाला खडू लावून धोटा हाताने पेटीत सरकवा, खूण पाहा. जुन्या पिकरचा मोठा झालेला खड्डा नव्या धोट्याला सरळ सुटू देत नाही, म्हणून नवा धोटा आणि जुना पिकर ही जोडी लावू नका. सैल टोक ठोकून बसवण्यापेक्षा काढून इपॉक्सीने बसवा.

एप्रिल ते ऑगस्ट

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, हवा कोरडी पडते आणि लाकूड आकसतं. पावसाळ्यात तेच फुगतं. ४५ मिलिमीटर रुंदीत हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या घरात जातो. उन्हाळ्यात स्वेल आवळून ठेवलेला माग जुलैत धोटा अडकवू लागतो, त्याचं कारण हेच.

साध्या लाकडाचा धोटा घडवून झाला की कच्च्या जवसाच्या तेलात तीन-चार दिवस बुडवून ठेवा, बाहेर काढून पुसा आणि सावलीत, वाऱ्याला, दोन आठवडे टांगा. लगेच मागावर लावला तर पहिल्या चादरीवर डाग पडतात. मशीनचं तेल चालत नाही, ते लाकडात सुकत नाही आणि बाणा काळा करतं. दाबलेलं लाकूड तेल पीत नाही, त्याला नुसता हात फिरवला तरी पुरे. एक धोक्याची गोष्ट: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापून पेटतात. कारखान्यात कापसाची धूळ सगळीकडे असते. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

चार पेट्यांचा माग

रंगीत बाण्यांच्या जॅकार्ड चादरीवर एका मागाला तीन-चार धोटे चालतात आणि पिकिंग सगळ्यांना एकच असतं. सगळ्यात जड धोटा पोचावा म्हणून जोर ठेवला तर सगळ्यात हलका उसळतो. म्हणून संच एकदमच घडवा. रिकाम्या धोट्यांच्या वजनात दहा ग्रॅमपेक्षा, रुंदीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. टोकांची उंची तंतोतंत सारखी हवी. एक धोटा मोडला तर त्याच्या जागी नवाकोरा बसवू नका, बाकीच्यांच्या मापाला घासून आणा. आणि एका मागाचा धोटा दुसऱ्या मागावर ‘आजच्यापुरता’ नेऊ नका, त्याची मागची भिंत दुसऱ्या कोनाची असते.

मागावर चढवताना

एका वेळी एकच बदल करा. उंची, वजन आणि कांडी एकदम बदलली तर बिघाड कशाने झाला ते कळत नाही.

धोटा पेटीत ठेवून माग हाताने फिरवा. धोटा शेडमध्ये शिरायची वेळ ठोक्यानंतर ११० अंशांच्या आसपास येते, तोवर शेड पूर्ण उघडलेली दिसली पाहिजे. मग धोटा हाताने शेडमधून सरकवा, डावीकडून उजवीकडे आणि परत. समोरच्या कडेवर वरचा एकही धागा टेकायला नको. शटल गार्ड (धोटा बाहेर उडू नये म्हणूनची अडण) जागेवर असल्याशिवाय माग सुरू करू नका, आणि पहिली पाच मिनिटं पेटीच्या समोर, धोट्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. सेकंदाला १२ मीटर वेगाचं पोलादी टोक डोळ्याला लागलं तर डोळा जातो.

आता पिकिंग उतरवत न्या. धोटा पलीकडच्या पेटीत पोचून पिकरला हलकेच टेकायला हवा. आवाज बदललेला कानाला कळतो: कोरडा ठणका निघत असेल तर जोर अजून जास्त आहे. माग धोटा न पोचल्याने थांबू लागला की एक पायरी मागे या आणि तिथेच नट आवळा. शेडची उंची त्यानंतर कमी करायची, एका वेळी एक मिलिमीटर, प्रत्येक मिलिमीटरनंतर एक अख्खी कांडी चालवून.

पहिल्या पाळीनंतर धोटा काढून उजेडात धरा. नव्या लाकडावर खुणा लवकर उमटतात. मागची भिंत पूर्ण उंचीभर सारखी धूसर झाली असेल तर कोन जुळला. समोरच्या कडेवर ओरखडे असतील तर शेड एक मिलिमीटर परत वाढवा. मग धोट्याच्या आतल्या भिंतीवर मागाचा नंबर, रिकामं वजन, समोरची उंची आणि तारीख टोकदार खिळ्याने कोरून ठेवा, म्हणजे पुढचा धोटा घडवणाऱ्याला मापं पुन्हा शोधावी लागणार नाहीत.